मिशाळ्यांची टाकी

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. चार बाजूंना काच, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, तळाला जाड पत्रा आणि सांध्यांमध्ये वाळून दगड झालेली लांबी, म्हणजे काच बसवायचा मसाला. दुकानात मिळणाऱ्या टाक्यांसारखी मी देखणी नाही. माझी पुढची काच जरा हिरवट आहे, कारण ती पूर्वी गावातल्या सरकारी दुकानाची खिडकी होती. दुकान बंद पडले, दाराला फळ्या ठोकल्या, आणि ती काच उतरवायला तेमिर आला. घराघरांना काचा बसवणे हाच त्याचा धंदा. उतरवलेली काच त्याने कुणाच्या घराला लावली नाही. घोंगडीत गुंडाळून ती घरी आणली आणि तिची मी झाले.

आमचे गाव किरगिझांच्या मुलखात, नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आहे. वरचे बर्फ वितळून ओढ्यात येते, ओढ्यातून एक पाट काढला आहे, आणि तो पाट प्रत्येकाच्या अंगणापुढून वाहत जातो. प्यायला तेच पाणी, चहाला तेच, मेंढ्यांना आणि बटाट्यांनाही तेच.

तेमिर म्हणजे लोखंड. पण गाव त्याला ‘ससा’ म्हणायचे. तो कुत्र्यांना भ्यायचा, उंच शिडीला भ्यायचा, मोठ्याने बोलणाऱ्या माणसांना तर फारच भ्यायचा. वरच्या मजल्याची काच बसवायची असली की शिडी धरायला तो दोन माणसे मागायचा. लोक हसत. तोही हसे, पण मान खाली घालून.

मी तयार होत होते तेव्हा त्याची बायको बुरुलसून दारात येऊन उभी राहिली. हात कणकेने भरलेले.

“अहो, ही कसली पेटी? पिठाची असेल तर झाकण कुठंय?”

“पिठाची नाही. माशांची.”

“मासे? मग थांबा, कढई चढवते.”

“खायचे नाहीत गं. बघायचे.”

बुरुलसून हसून हसून चौकट धरून खाली बसली. “अख्खं गाव घोडी पाळतं, मेंढ्या पाळतं. माझा नवरा मिशीवाले किडे पाळणार! दादाला सांगते आजच.”

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ सागिनबाय. त्याचे घर आमच्या शेजारीच होते, मध्ये फक्त एक बुटके कुंपण. आवाज असा, की तो अंगणात खोकला तरी आमच्या घरातल्या वाट्या किणकिणत.

माझ्या आयुष्यातली पहिली भीती मला अजून आठवते. तेमिरने बादलीने पाणी ओतायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... पाणी चढत गेले आणि माझ्या काचा आतून बाहेर ढकलल्या जाऊ लागल्या. पाणी इतके जड असते हे मला ठाऊकच नव्हते. एका कोपऱ्यातून थेंब आला. तेमिरने त्यावर बोट दाबले आणि तसाच बसून राहिला. थेंब थांबला. लांबीने धरले होते.

मग दुधाच्या बरणीतून मासे आले.

रंगीबेरंगी, पंखेवाले मासे तुम्ही पाहिले असतील. हे तसे नव्हते. बोटाएवढे लांब, मातीच्या रंगाचे, पाठीवर काळपट ठिपके आणि तोंडाशी बारीक मिशा. आमच्याच ओढ्यात, गार पाण्यात, दगडांखाली राहणारे. बुरुलसून त्यांना ‘मिशाळे’ म्हणाली, चिडवायला म्हणूनच, पण पुढे तेच नाव पडले. बरणीतून सुटले तसे ते तळाशी गेले, आणि दिसेनासे झाले. दोन दिवस एकही बाहेर आला नाही. एवढीशी सावली पडली तरी त्यांचे अंग आकसे. मला ते सगळे कळे, कारण तळाची वाळू माझ्याच अंगावर होती.

तेमिर मात्र खूश होता. एका स्टुलावर बसून तो रिकाम्या दिसणाऱ्या पाण्याकडे तासन्तास पाही.

“काय बघताय एवढं? दगड?” बुरुलसून विचारी.

“आहेत ते. भितात बिचारे.”

“घ्या! तुमची भावकी भेटली तुम्हाला.”

अशा माशांना सांभाळणे सोपे नाही, मित्रांनो. त्यांना ऊब नको असते. पाणी गार हवे, त्यात हवा मिसळलेली हवी, आणि लपायला जागा हवी. तेमिरने ओढ्यातले चपटे दगड आणून त्यांच्या कपारी केल्या. हवेसाठी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब पंपाने फुगवून ठेवली, तिला रबरी नळी जोडली आणि नळीला चिमटा लावला. ट्यूबमधून माझ्या पाण्यात दिवसभर बुडबुडे येत. आमच्याकडे वीज येई-जाई, ट्यूब मात्र कधी दगा देत नसे. खायला तो गांडुळांचे तुकडे आणि ओढ्याच्या दगडांना चिकटलेल्या अळ्या आणी. रोज थोडे जुने पाणी काढी आणि पाटाचे ताजे पाणी घाली.

उन्हाळ्यात मला वेगळीच भीती वाटे. दुपारी खिडकीतून ऊन आत सरके आणि माझे पाणी कोमट होऊ लागे. मासे तळ सोडून वर येत, तोंडे उघडमीट करत. तेमिर धावत येई, ओले घोंगडे माझ्याभोवती गुंडाळी, पाटाचे पाणी आणून ओती. हिवाळ्यात उलटे. चूल विझली की पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरे. बर्फ फुगतो आणि काच फोडतो हे प्रत्येक काचेला जन्मतः ठाऊक असते. असा पापुद्रा धरलेल्या एका सकाळी तेमिर बाहेर गेल्यावर बुरुलसून आली, तिने इकडेतिकडे पाहिले आणि आपली लोकरीची शाल माझ्यावर टाकली. तो परतायच्या आत शाल पुन्हा तिच्या खांद्यावर होती. हिवाळाभर हे चालू होते. तेमिरला ते कळले की नाही, मला माहीत नाही.

माझी ख्याती झाली. पाव्हणे आले की आधी माझ्यापाशी येत. पोरे काचेला नाक लावून उभी राहत. सागिनबायसुद्धा आला, काचेवर टिचकी मारून म्हणाला, “दाजी, एकेकाला मेंढीएवढा केलात की सांगा. कापायला मी येतो.” टिचकीसरशी सगळे मिशाळे दगडाखाली. फक्त एक बाहेर राहिली. तिचा एक डोळा जन्मापासून पांढरा होता आणि दुसऱ्याने अंधुक दिसे. तिचे नाव ‘काणी’. ती सगळ्यांत जुनी, म्हणून तेमिर तिला ‘आजी’ म्हणे. दिसत नसल्याने तिला लपायला उशीर होई, म्हणून तिचेच दर्शन सगळ्यांना होई. तेमिरचे बोट पाण्यात गेले की ती मिशांनी ते चाचपून पाही आणि मग त्यावरचे खाणे घेई. पाणी बदलताना बादलीच्या धारेने ती दगडावर आपटू नये म्हणून तेमिर तिला आधीच जुन्या पाण्यासकट एका वाडग्यात बाजूला ठेवायचा.

अशी काही वर्षे गेली. मग ती सकाळ आली.

शरद ऋतू होता. उन्हाळी कुरणांवरून कळप खाली उतरले होते. सागिनबायच्या मुलाचे लग्न होते आणि अख्ख्या खोऱ्याला आमंत्रण. दोन्ही अंगणे एक व्हावीत म्हणून मधल्या कुंपणाच्या फळ्या काढल्या होत्या. खिडकीतून मला सगळे दिसत होते. मोठाल्या कढया, त्यांत मांस, धुराचे लोट, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांच्या, म्हणजे बोरसोकांच्या, सोनेरी राशी. पहाट फुटायच्या आधीच बुरुलसूनने पाटाच्या पाण्याने चहाचा समोवार भरला होता. स्वयंपाकाच्या बायकांबरोबर तिने चहा घेतला आणि कढयांची सगळी सूत्रे आपल्या हातात घेतली. दर थोड्या वेळाने ती पळीभर रस्सा चाखून मिठाचा अंदाज घेत होती.

तेमिरला मोठ्या गर्दीची धास्ती. तो घरातच घोटाळत होता.

“पोरं येतील बघायला,” तो स्वतःशीच म्हणाला. “पाणी स्वच्छ हवं.”

काणीला त्याने वाडग्यात काढले. माझे अर्धे पाणी उपसले. पाटावरून बादली भरून आणली आणि हळूच ओतली.

मित्रांनो, ते पाणी दिसायला रोजच्यासारखेच होते. गार, नितळ. फक्त त्याला एक बारीकसा वास होता, औषधाच्या बाटलीचे बूच उघडल्यासारखा. मला काही समजले नाही. पण तळाशी समजले.

मिशाळे दगडांखालून बाहेर आले. सगळे. जे सावलीलाही भ्यायचे, ते भर उजेडात काचेवर धडका देऊ लागले. वर उसळत, खाली आपटत, एकमेकांच्या अंगावरून जात. मग त्यांची अंगे ताठली, कल्ले फाकले आणि ते कुशीवर पडून थरथरू लागले. माझ्या आत, माझ्या चार भिंतींत मृत्यू होता आणि मला तो बाहेर सांडता येत नव्हता. काच होते मी. नुसती पाहत राहिले.

तेमिरच्या हातातली बादली खाली पडली. त्याने ती उचलून हुंगली. साबण नव्हता. हात हुंगले. मग तो खिडकीकडे वळला. बाहेर पाटावर एक बाई घागर भरत होती.

तेवढ्यात बुरुलसून आत आली, कपाळावरचा घाम डोक्याच्या रुमालाने टिपत.

“अहो, बघा तरी मला घाम कसा सुटलाय. थंडीतसुद्धा. डोकं नुसतं...” ती माझ्याकडे बघून थांबली. “हे काय झालं यांना?”

“तू चहा घेतलास?” तेमिरने विचारले.

“घेतला की. का?”

“कुठल्या पाण्याचा?”

“असं काय विचारताय? पाटाचा. आपल्याकडे काय अरबस्तानातून पाणी येतं?”

तेमिरचा चेहरा पांढरा पडला. मी त्याला कुत्र्यापुढे भ्यालेला पाहिला होता, शिडीवरून उतरल्यावर पाहिला होता. ते भय वेगळे होते. हे पाहून मीच गारठले. तो तडक बाहेर पडला, आणि बुरुलसून त्याच्यामागून.

अंगणात वडीलधारी माणसे गालिच्यांवर बसू लागली होती. सागिनबाय मधोमध उभा राहून स्वागत करत होता. तेमिर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. खिडकी उघडी होती, मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“दादा, पाणी... पाणी कुणाला देऊ नका. चहा देऊ नका.”

“काय?”

“पाण्यात काहीतरी आहे. माझे मासे मेले.”

सागिनबायने आधी डोळे बारीक केले, मग तो गदगदून हसला. “ऐकलंत का मंडळी? दाजींच्या माशांना पडसं झालंय, म्हणून मी माझ्या मुलाच्या लग्नात चुली विझवायच्या!”

सगळे हसले. कुणीतरी म्हणाले, “ससा पुन्हा बिथरला!”

“दादा, तुमच्या पाया पडतो. मुलं येतील आता...”

“दाजी,” सागिनबायचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की जास्त भीती वाटे. “नवरी वाटेत आहे. तिचे आईबाप येताहेत. आज माझी मान खाली घालायला लावू नका. तुमच्या त्या डबक्याची काचच घाणेरडी असेल. जा, आत जाऊन बसा.”

तेमिर आत आला. मला वाटले, आता तो स्टुलावर बसेल. आयुष्यभर असेच झाले होते. कुणी आवाज चढवला की तो येऊन माझ्यापुढे बसे. पण तो बसला नाही. माझ्यातले शेवटचे कल्ले हलायचे थांबले होते. त्याने वाडग्याकडे पाहिले. वाडग्यात काणी होती, जुन्या पाण्यात, शांत. त्याने सवयीने बोट बुडवले आणि तिने मिशांनी ते चाचपले. खाणे नव्हते, तरी ती बोटाला धरून राहिली.

“आजी,” तो म्हणाला, “मला दुसरं काही सुचत नाही गं.”

आणि वाडगा उचलून तो बाहेर गेला. वाडग्यातले पाणी उंबऱ्यावर सांडत गेले.

त्याने एक रिकामी वाटी घेतली. कढईशेजारच्या घागरीतून ती भरली. सागिनबायच्या पुढे गालिच्यावर दोन्ही भांडी ठेवली.

“हे टाकीतलं जुनं पाणी. ही बघा, नीट आहे. आणि हे आत्ताचं, पाटाचं.”

“दाजी, पुरे...”

“बघा फक्त!” तेमिर ओरडला. तो ओरडू शकतो हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्याने काणीला ओंजळीत घेतले आणि वाटीत सोडले.

मला वाटी दिसत नव्हती. माणसांचे चेहरे दिसत होते. आधी त्यांवर हसू होते. मग एकेका चेहऱ्यावरचे हसू उतरत गेले. पुढे वाकलेला एक म्हातारा मागे सरकला. एका बाईने आपल्या मुलाच्या हातातली चहाची वाटी हिसकावून घेतली. तेमिर एकटाच वाटीकडे पाहत नव्हता. त्याने डोळे मिटून घेतले होते.

सागिनबायने डोक्यावरची टोपी काढली. मग त्याचा तो आवाज आला, वाट्या किणकिणवणारा. “ओता! सगळं ओता! कढया उलट्या करा! पोरांना हात लावू देऊ नका!”

आरडाओरडा झाला. चुलींवर रस्सा ओतला गेला आणि वाफेचा ढग उठला. त्या गोंधळात मला दिसली बुरुलसून. ती मांडवाच्या खांबाला टेकली होती. हातातली पळी गळून पडली. तोंडातून लाळ येत होती, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. तेमिर धावला.

“अहो,” ती अडखळत म्हणाली, “तुम्ही दोन दोन दिसताय मला... एकच पुरे होता.”

आणि ती त्याच्या अंगावर कोसळली.

तिला आणि आणखी दोन बायकांना सागिनबायने स्वतःच्या गाडीत घातले. लग्नासाठी बांधलेल्या रंगीत फिती तशाच फडफडवत ती गाडी तालुक्याच्या दवाखान्याकडे गेली. मागच्या सीटवर तेमिर बुरुलसूनचे डोके मांडीवर घेऊन बसला होता.

नंतर घर रिकामे झाले. बाहेर कुणी बोरसोक उचलून पुरत होते, कुणी कुत्र्यांना हाकलत होते, मग तेही थांबले. माझ्यात विषाचे पाणी आणि मेलेले मिशाळे तसेच होते. नळीतून शेवटचे बुडबुडे आले, ट्यूब रिकामी झाली आणि तो आवाजही बंद झाला. मित्रांनो, अशी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. बर्फ काच फोडील ही भीती स्वतःसाठी असते. ही तशी नव्हती. दर वेळी दार वाजले की मला वाटे, आता कुणीतरी येऊन आरसा झाकील. माणूस गेले की आमच्या गावात आरसे झाकतात.

शेजारची झूराआजी कोंबड्यांना दाणे टाकायला येई आणि त्यांच्याशीच बोले. “खा गं बायांनो. तुमची मालकीण श्वास घेत नाहीये धड. नळी घातलीय म्हणे तिच्या घशात. खा, खा, तुम्हाला काय त्याचं!” एवढे बोलून ती डोळे पुसे.

मग एका दुपारी तेमिर आला. एकटाच.

माझ्या काचेतून मला त्याच्या मागे रस्ता दिसत होता. रस्त्यावर कुणी नव्हते. तो आत आला, कोट काढला नाही, स्टूल ओढून माझ्यापुढे बसला. त्याच्या दाढीचे खुंट पांढरे झाले होते. मग माझ्या काचेवर त्याने तळहात ठेवला आणि म्हणाला,

“जगली.”

घरात ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हते. मग तो रडला, मोठ्याने, लहान मुलासारखा.

नंतर त्याने मला रिकामे केले. मिशाळे त्याने सफरचंदाच्या झाडाखाली पुरले, पाणी ओढ्यापासून लांब खड्डा खणून त्यात ओतले आणि माझे कोपरे राखेने घासून घासून धुतले.

बुरुलसून घरी आली तेव्हा अर्धी झाली होती. हात सतत थरथरत. चहाची वाटी तिला धरवत नसे, तेमिर ती तिच्या ओठांशी धरी. पण जीभ शाबूत होती. “लग्नात तुम्ही मला असा घोट पाजला असतात तर गावानं नावं ठेवली असती,” ती म्हणाली.

ती अंगणात उन्हाला बसलेली असताना एकदा मेदेर आला. सागिनबायच्या धाकट्या भावाचा मुलगा, धनगर. उंच, दांडगा गडी, पण दारातच उभा राहिला. टोपी हातात चुरगाळत होता.

“आत्या, मीच ते...”

सगळे कळत गेले. मेंढ्यांच्या अंगावरचे किडे मारायला धनगर त्यांना औषधाच्या पाण्यात बुडवून काढतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्यासाठी सिमेंटचा हौद आहे. लग्नाच्या आदल्या रात्री मेदेरला खाली लग्नाला पोचायची घाई झाली होती. हौद उपसून लांब नेऊन ओतायला वेळ नव्हता, म्हणून त्याने तळाचे बूच काढले. औषधाचा अर्धा डबाही तिथेच कलंडला. पाणी ओढ्यात गेले, ओढ्यातून पाटात.

“घाई कसली झाली होती?” बुरुलसूनने विचारले.

“तयार व्हायचं होतं. बूट पुसायचे होते.”

“पुसलेस?”

“हो, आत्या.”

“चकचकीत?”

मेदेरची मान आणखी खाली गेली. “हो.”

“बरं झालं. त्या दिवशी गावात काहीतरी स्वच्छ होतं म्हणायचं.” ती एवढे बोलली आणि तिने तोंड फिरवले. तिचे खांदे हलताना मला दिसले. तेमिर पुढे आला. मला वाटले, आता तो पुन्हा ओरडणार. त्याने कोपऱ्यातले फावडे घेतले आणि मेदेरच्या हातात दिले, दुसरे स्वतः घेतले.

“चल. तो हौद बुजवू. नवा खणायचा तो ओढ्यापासून लांब, त्या टेकाडापलीकडे. मला एकट्याला वरच्या कुत्र्यांची भीती वाटते, तू पुढं हो.”

त्यानंतरचा काळ माझ्या उपेक्षेचा. ओढा मेला होता. पाणी वाहत होते, पण दगड उचलला तर खाली अळी नाही, किडा नाही, मिशाळा नाही. तेमिर रोज जाऊन दगड उलथून पाहत असे आणि रिकाम्या हातांनी येत असे. कोरडी पडल्याने माझी लांबी भेगाळू लागली. बुरुलसूनने माझ्यात कांदे ठेवले. पुढे कांद्यांवर लोकरीची गाठोडी आली. माझ्या काचेवर धूळ बसली आणि बाहेरचे जग पुसट झाले. कुणीतरी तेमिरला म्हणाले, “ही काच खिडकीला लावा की!” तेमिरने मान हलवून नकार दिला.

एका वसंतात, हिम वितळल्यावर, बुरुलसून काठी टेकत बाहेर पडली ती दिवस कलता परतली. तिच्या हातात चहाची किटली होती. स्कर्ट गुडघ्यापर्यंत भिजलेला.

“कुठं गेली होतीस? मी अख्खं गाव धुंडाळलं!” तेमिर म्हणाला.

“माहेरी गेले होते,” ती म्हणाली. “तुमच्या भावकीच्या.”

ओढ्याला वरच्या बाजूने एक झरा मिळतो, बुजवलेल्या हौदाच्याही वरून. तिथवर विष पोचले नव्हते. तिथले मिशाळे हळूहळू खाली उतरू लागले होते. थरथरत्या हातांनी तिने ते कसे धरले असतील, कोण जाणे. किटलीतले अर्धे पाणी वाटेत सांडले होते. उरलेल्या पाण्यात इवलेसे तीन मासे होते.

तेमिरने कांदे काढले. मला नवी लांबी भरली. पुन्हा दगड, पुन्हा वाळू, पुन्हा ट्यूबचे बुडबुडे.

आता गावात कुणाकडे कार्य असले की चुली पेटायच्या आधी यजमान, सकाळी ओतलेल्या पाटाच्या पाण्यात मासे कसे आहेत ते बघायला, माझ्यापुढे येऊन उभा राहतो. सागिनबायने धाकट्या मुलीच्या लग्नात तेच केले, टोपी हातात घेऊन. मागे दहा-बारा माणसे. एवढी माणसे पाहून मासे अर्थातच दगडाखाली दडले. आता ते जिवंत आहेत की नाहीत, कळायचे कसे? सागिनबायसारखा माणूस हलक्या आवाजात म्हणाला, “दाजी, बाहेर यायला सांगा ना त्यांना.” मग दगडाखालून एक मिशी बाहेर आली, दुसरी आली, आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

भित्र्यांना हसू नका, मित्रांनो. आणि पाण्यात काही टाकण्याआधी एवढे लक्षात ठेवा की पाणी खाली जाते आणि खाली कुणीतरी राहत असते. तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखी टाकी घरी ठेवलीत तर तिच्यातल्या मुक्या जिवांना दुसरीकडे पळून जाता येत नाही, हेही विसरू नका. तुम्ही ओताल तेच त्यांचे जग.

तेमिर आता म्हातारा झाला आहे. रोज सकाळी तो पाटावरून बादली आणतो, पण लगेच माझ्यात ओतत नाही. आधी वाटी भरतो आणि ती स्वतःच्या ओठांना लावतो. बुरुलसून दर वेळी ओरडते, “अहो, ऐका जरा! अख्खं गाव माशांवर पाणी तपासतं, आणि तुम्ही स्वतःवर तपासून माशांना पाजता!”

“त्यांना विचारता येत नाही गं,” तो म्हणतो.

मग तो घोट घेतो. स्टुलावर बसून वाट पाहतो. बुरुलसून बडबडायची थांबते. तिचे थरथरते हात शालीत जातात, नजर त्याच्या चेहऱ्यावर खिळते. दगडाखाली मासे गप्प असतात. मीही माझ्या चारही काचांनी त्याच्याकडे पाहत राहते, त्याने बादली उचलेपर्यंत.